फळमाशीच्या अळीत चेतापारेषकाच्या पुटिका मोजताना: साठवण आणि सोडणूक वेगवेगळी कशी ओळखावी

चेतापेशीच्या टोकापर्यंत विद्युत संकेत पोहोचला आणि समोरच्या स्नायूचा प्रतिसाद नेहमीच्या निम्म्यावर आला, तर त्याचे कारण तीन ठिकाणी असू शकते. चेतापेशीच्या टोकातील पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, संकेत पोहोचवणारा चेतापारेषक, म्हणजे न्यूरोट्रान्समीटर, मुळातच कमी भरला गेला असेल. पुटिका पुरेपूर भरलेल्या असूनही त्यांपैकी थोड्याच पेशीपटलाशी जुळून रित्या झाल्या असतील. किंवा या दोन्ही गोष्टी ठीक असून स्नायूवरचे, चेतापारेषक टिपणारे रिसेप्टर घटले असतील. बाजारात उतरलेल्या धान्याचे एकूण वजन कमी भरले, तर पोती हलकी होती की पोती कमी होती, हे एक तरी पोते सुटे तोलल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तोलणारा काटाच बिघडलेला नाही याचीही खात्री करावी लागते. तरीही 'प्रतिसाद घटला, अर्थात स्रवण घटले' हे वाक्य प्रबंधांत सर्रास आढळते. ते लिहिण्याआधी कोणती मोजमापे, कोणत्या क्रमाने आणि किती काळजीने घ्यावीत, याचे हे मार्गदर्शन आहे. एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला असलेल्या, पेशीच्या आत इलेक्ट्रोड घालून नोंदी घेण्याची सोय उपलब्ध असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते लिहिले आहे.

प्रयोगासाठी फळमाशीच्या, म्हणजे ड्रोसोफिलाच्या, तिसऱ्या अवस्थेतील अळीचा चेता-स्नायू जोड निवडला आहे. लिली जान आणि यु-नुंग जान यांनी १९७६ साली या जोडाचे विद्युत गुणधर्म तपशीलवार मांडले, तेव्हापासून तो या विषयातील एक भरवशाचा नमुना ठरला आहे. येथील चेतापारेषक ग्लुटामेट आहे, स्नायूपेशी मोठ्या व दरवेळी त्याच जागी सापडणाऱ्या आहेत, आणि पुटिकेच्या जवळजवळ प्रत्येक प्रथिनासाठी उत्परिवर्ती वाण मिळतात.

आधी थोडी पूर्वपीठिका

सिनॅप्सवरील, म्हणजे चेतापेशीच्या जोडावरील, पुटिकेचा व्यास सुमारे ४० नॅनोमीटर असतो. तिच्या पटलात व्ही-एटीपेज नावाचा पंप असतो. एका पुटिकेत असे एक-दोनच पंप असतात. एटीपी खर्चून तो प्रोटॉन आत ढकलतो, त्यामुळे पुटिकेचा आतला भाग आम्लधर्मी आणि बाहेरच्या तुलनेत धन विद्युतभाराचा होतो. या विषमतेच्या बळावर वाहक प्रथिने चेतापारेषक आत ओढतात. ॲसिटिलकोलीन आणि डोपामिनसारख्या अमाइनांचे वाहक प्रामुख्याने प्रोटॉनच्या अदलाबदलीवर चालतात, तर ग्लुटामेटचा वाहक, म्हणजे व्हीग्लुट, मुख्यतः विद्युतदाबाच्या फरकावर चालतो. पंप बंद पडला तर वाहक शाबूत असूनही भरणा थांबतो, हे लक्षात ठेवावे.

सोडणुकीची यंत्रणा निराळी आहे. पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेविन आणि पेशीपटलावरील सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ ही प्रथिने एकमेकांभोवती घट्ट वळतात आणि दोन पटलांना जवळ खेचतात. सिनॅप्टोटॅग्मिनला कॅल्शियम जोडले गेले की एक मिलिसेकंदाच्याही आत पटले एकरूप होऊन आतील माल बाहेर पडतो. त्यानंतर एनएसएफ हे प्रथिन गुंतलेली प्रथिने सोडवते आणि डायनॅमिन हे प्रथिन पेशीपटलातून नवी पुटिका खुडून आत घेण्यास मदत करते. पेशीतील पुटिका-वाहतुकीच्या यंत्रणेवरील कामासाठी जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्युडहोफ यांना २०१३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातील स्युडहोफ यांचे काम बहुतांशी याच कॅल्शियमच्या टप्प्यावरचे आहे.

माश्या

किमान चार वाण हाताशी ठेवावेत: एक सामान्य, म्हणजे वाइल्ड-टाइप; ग्लुटामेट रिसेप्टरचा ग्लुआर-दोन-ए हा घटक नसलेला; चेतापेशींत व्हीग्लुट जादा तयार करणारा; आणि तापमान वाढताच लुळा पडणारा शिबिरे. शिबिरे जनुकातून डायनॅमिन तयार होते हे १९९१ साली कळले, परंतु या उत्परिवर्ती माश्यांची विद्युत तपासणी त्याआधीच झाली होती. ओबेद सिद्दीकी आणि सीमोर बेन्झर यांच्या १९७६ सालच्या शोधनिबंधात शिबिरे आणि कोमाटोज या दोन्हींचा समावेश आहे, आणि कोमाटोज हे जनुक एनएसएफचे असल्याचे पुढे उघड झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सिद्दीकी यांच्यानंतर के. एस. कृष्णन यांनी लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या आधारे पुटिकांच्या पुनर्वापराचा अभ्यास पुढे नेला. त्यामुळे या विषयावर काम करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा वारसा परका नाही.

खाद्य मक्याचे पीठ, साखर किंवा गूळ, यीस्ट आणि अगार यांचे, नेहमीचेच चालते. बुरशी लागू नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल आणि मिथाइलपॅराबेन घालावे. एका बाटलीत अंडी फार झाली की अळ्या खुरट्या राहतात आणि स्नायू लहान निघतात, म्हणून माद्यांना एका बाटलीत एक-दोन दिवसच ठेवून पुढे हलवावे. खाद्य सोडून बाटलीच्या भिंतीवर चढू लागलेल्या अळ्याच घ्याव्यात. शिबिरेच्या बाबतीत एक इशारा महत्त्वाचा आहे. हा वाण साधारण २९ अंश सेल्सिअसच्या पुढे लुळा पडतो, आणि पुण्या-नागपुरातील बिगर-वातानुकूलित प्रयोगशाळा एप्रिल-मे महिन्यांत ही मर्यादा सकाळीच ओलांडते. वीज गेल्यावर इन्क्युबेटर बंद पडून सगळा वाण खाद्यात चिकटून मरणे ही अनेक प्रयोगशाळांची उन्हाळ्यातील नित्याची कहाणी आहे. म्हणून त्याचा एक संच १८ अंशांवर, दुसऱ्या खोलीत आणि शक्यतो बॅकअप असलेल्या वीजजोडणीवर ठेवावा.

वाण खरा आहे की नाही हे पाहण्याचा सोपा मार्ग असा: प्रौढ माश्या रिकाम्या काचेच्या कुपीत घेऊन कुपी ३० अंशांच्या वॉटर बाथमध्ये बुडवावी. थोड्याच वेळात शिबिरे माश्या तळाशी पडतात. शेजारच्या कुपीतील सामान्य माश्या चालत राहतात. कुपी खोलीच्या थंड हवेत आणली की काही मिनिटांत त्या पुन्हा उभ्या राहतात. जोडावरचा प्रयोग महिनाभर करून झाल्यावर वाण चुकीचा असल्याचे कळण्यापेक्षा ही पाच मिनिटांची चाचणी दर पिढीला करणे स्वस्त पडते.

द्रावण

अळीसाठी एचएल-३ हे १९९४ सालापासून वापरात असलेले द्रावण घ्यावे. एक लिटरसाठी सोडियम क्लोराइड ४.०९ ग्रॅम (७० मिलिमोलार), पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम (५ मिलिमोलार), मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ४.०७ ग्रॅम (२० मिलिमोलार), सोडियम बायकार्बोनेट ०.८४ ग्रॅम (१० मिलिमोलार), ट्रेहॅलोज डायहायड्रेट १.८९ ग्रॅम (५ मिलिमोलार), सुक्रोज ३९.४ ग्रॅम (११५ मिलिमोलार) आणि हेपेस १.१९ ग्रॅम (५ मिलिमोलार) लागते. पीएच ७.२ वर आणावा. साखर भरपूर असल्याने द्रावण लवकर गढूळ होते. गाळून, लहान बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि थोडेही धूसर दिसले तर टाकून द्यावे.

कॅल्शियम यात मुद्दाम घातलेले नाही. ते १ मोलार साठ्याच्या द्रावणातून, प्रयोगाच्या दिवशी, हव्या त्या प्रमाणात मिसळायचे आहे: ०.५ मिलिमोलारसाठी १०० मिलिलिटरला ५० मायक्रोलिटर. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड ही दोन्ही लवणे हवेतील पाणी ओढतात. जुन्या, ओलसर डब्यातून वजन करून घेतलेले कॅल्शियम प्रत्यक्षात कमी असते, आणि सोडणूक कॅल्शियमवर किती तीव्रपणे अवलंबून आहे हे पुढे आले की ही किरकोळ वाटणारी बाब सगळा प्रयोग कसा बिघडवते ते ध्यानात येईल. शक्य असल्यास कॅल्शियमचे तयार प्रमाणित द्रावणच विकत घ्यावे.

मॅग्नेशियम २० ऐवजी ४ मिलिमोलार असलेले एचएल-३.१ हेही प्रचलित आहे. दोन्हींतील आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत, कारण मॅग्नेशियम कॅल्शियमच्या प्रवेशाला अडथळा करते.

विच्छेदन

सिल्गार्ड (पिना टोचता येणारे पारदर्शक सिलिकॉन रबर) ओतलेल्या छोट्या बशीत कॅल्शियमविरहित, बर्फावर गार केलेले द्रावण घ्यावे. कॅल्शियम नसल्यामुळे चेतापेशींकडून स्रवण होत नाही आणि कापताना स्नायू आखडत नाहीत. अळीच्या पाठीवर दोन चंदेरी श्वासनलिका समांतर धावताना दिसतात. ती बाजू वर ठेवावी. एक बारीक पिन शेपटाकडील श्वासरंध्रांच्या मध्ये आणि दुसरी तोंडाच्या काळ्या आकड्यांजवळ टोचून अळी हलकेच ताणावी. शेपटाजवळ पाठीच्या मध्यरेषेवर लहानसा छेद घेऊन दोन श्वासनलिकांच्या मधून डोक्याकडे कापत जावे. कात्रीचे खालचे पाते वर उचलून धरावे, कारण ज्या स्नायूंची आपल्याला गरज आहे ते खालच्या भिंतीलाच असतात.

आतडे, चरबीचे पांढरे पट्टे आणि श्वासनलिका चिमट्याने बाजूला काढाव्यात. त्या ओढून न काढता त्यांचे धागे एकेक तोडावेत. मग त्वचेचे चारही कोपरे पिनांनी पसरावेत. नवखे विद्यार्थी येथे जास्त ताण देतात. स्नायूंच्या आडव्या रेषा एकमेकांपासून फाकल्यासारख्या दिसू लागल्या की ताण जास्त झाला असे समजावे. शेवटी मेंदू आणि त्याखालील चेतागुच्छ यांच्याजवळ चेतातंतू कापून गुच्छ उचलून टाकावा, परंतु तंतू जितके लांब ठेवता येतील तितके ठेवावेत. सक्शन इलेक्ट्रोडला पकडण्यासाठी ती लांबीच उपयोगी येते. आता मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना शेजारी-शेजारी असलेले ६ आणि ७ क्रमांकाचे स्नायू स्वच्छ दिसायला हवेत. पोटाच्या तिसऱ्या खंडातील ६ क्रमांकाचा, म्हणजे दोघांतील रुंद स्नायू, नोंदीसाठी घ्यावा, आणि पूर्ण अभ्यासात तोच खंड व तोच स्नायू कायम ठेवावा.

इलेक्ट्रोड आत घालताना

नोंदीचा काचेचा इलेक्ट्रोड ३ मोलार पोटॅशियम क्लोराइडने भरावा. त्याचा रोध १० ते २० मेगोहम असावा. स्नायूत टोक शिरताच विभव, म्हणजे पेशीपटलाच्या आतबाहेरील विद्युतदाबाचा फरक, एकदम खाली येतो. तो उणे ६० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असावा आणि तेथे स्थिर राहावा. मग १ नॅनोअँपिअरचा ऋण प्रवाह देऊन विभवात किती फरक पडतो ते पाहावे: ६ मिलिव्होल्टचा फरक पडला तर स्नायूचा रोध ६ मेगोहम. ५ मेगोहमपेक्षा कमी रोध असलेला स्नायू सोडून द्यावा. हा निकष प्रयोग सुरू करण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावा, कारण नोंद झाल्यावर 'हा स्नायू तसा बरा आहे' असे स्वतःला पटवणे फार सोपे असते. रोध घटला की मिनी, म्हणजे उत्तेजनेविना स्नायूत उमटणाऱ्या लहान विभव-उसळ्या, आपोआप लहान दिसतात आणि पुटिका हलक्या झाल्याचा खोटा भास होतो.

गोंगाटाचा मुद्दा आपल्याकडे विशेष जाणवतो. ५० हर्ट्झची वीजलहर दर २० मिलिसेकंदांनी उमटते आणि एक मिलिव्होल्टच्या आसपासच्या मिनींना सहज गिळते. सूक्ष्मदर्शक, टेबल, फॅराडे पिंजरा आणि मॅनिप्युलेटर या सर्वांचे अर्थिंग एकाच बिंदूला आणावे; दोन वाटांनी जोडलेले अर्थिंग स्वतःच गोंगाट निर्माण करते. ट्यूबलाइट बंद करून पाहावी. इमारतीच्या अर्थिंगविषयी शंका असेल तर विद्युत विभागाकडून ते तपासून घ्यावे. फिल्टरच्या मागे लपून काम भागवू नये, कारण जास्त फिल्टरमुळे मिनींची उंचीही कापली जाते.

आधी मिनी

चेतातंतूला कोणतीही उत्तेजना न देता स्नायूत अधूनमधून लहान विभव-उसळ्या दिसतात. यालाच प्रयोगशाळेत नुसते 'मिनी' म्हणतात. पॉल फॅट आणि बर्नार्ड कात्झ यांनी १९५२ साली बेडकाच्या स्नायूवर त्यांचे वर्णन केले, आणि पुढे होजे देल कास्तियो यांच्यासह कात्झ यांनी १९५४ साली दाखवले की चेतातंतू उत्तेजित केल्यावर मिळणारा मोठा प्रतिसाद अशाच ठरावीक आकाराच्या एककांच्या पूर्णांकी बेरजेने बनतो. एक मिनी म्हणजे एका पुटिकेतील माल. म्हणून मिनीची उंची हे आपले सुटे तोललेले पोते आहे, आणि ती मोजण्याआधी पुढे जाऊ नये.

०.५ मिलिमोलार कॅल्शियमच्या द्रावणात, १८ ते २२ अंशांच्या स्थिर तापमानात, दोन ते तीन मिनिटांची नोंद घ्यावी. चांगल्या स्नायूत मिनींची सरासरी उंची सुमारे १ मिलिव्होल्ट असते आणि सेकंदाला काही मिनी दिसतात. खऱ्या मिनीची चढण तीव्र आणि उतरण संथ असते. दोन्ही बाजू सारख्याच टोकदार असतील तर तो विजेचा झटका समजावा. किमान शंभर मिनी मोजाव्यात.

संगणकीय शोधप्रणालीची सीमा ०.५ मिलिव्होल्टवर ठेवली तर त्याखालच्या सर्व मिनी वगळल्या जातात आणि सरासरी फुगते. उत्परिवर्ती वाणात पुटिका खरोखरच हलक्या असतील तर ही फुगवटी अधिकच वाढते: लहान मिनी दिसतच नाहीत, उरलेल्या मोठ्यांची सरासरी ठीक वाटते आणि वारंवारता मात्र घटलेली दिसते. त्यामुळे भरणा कमी असल्याचा दोष सोडणुकीच्या खात्यात जातो. उंचींचा आलेख काढून त्याची डावी बाजू सीमेवर कड्यासारखी तुटलेली आहे की उतरत शून्याकडे जाते, हे डोळ्यांनी पाहावे. तुटलेली असेल तर आकडे वापरण्याआधी गोंगाट कमी करावा.

मग प्रेरित प्रतिसाद

कापलेल्या चेतातंतूचे मोकळे टोक सक्शन इलेक्ट्रोडमध्ये अलगद ओढून घ्यावे. ०.१ ते ०.३ मिलिसेकंदाची उत्तेजना देत तिचा विद्युतदाब हळूहळू वाढवावा. या स्नायूला दोन चेतातंतू येतात, त्यामुळे प्रतिसाद दोन पायऱ्यांनी वाढतो. दुसरी पायरी दिसल्यावर तिच्या दीडपट दाबावर काम करावे, नाहीतर मधूनच एक तंतू गळतो आणि प्रतिसादातील उडी सोडणुकीतील चढउतार समजली जाते. उत्तेजनांत पाच सेकंदांचे अंतर ठेवावे आणि पन्नास-एक प्रतिसादांची सरासरी घ्यावी.

हिशेब

समजा विश्रांत विभव उणे ६५ मिलिव्होल्ट, सरासरी मिनी ०.९ मिलिव्होल्ट आणि सरासरी प्रेरित प्रतिसाद २७ मिलिव्होल्ट आहे. सरळ भागाकार केला तर ३० पुटिका येतात. हे उत्तर कमी आहे. स्नायूचा विभव ग्लुटामेट रिसेप्टरच्या उलट-बिंदूकडे, म्हणजे जवळपास शून्याकडे, सरकू लागला की प्रत्येक पुढच्या पुटिकेला विभव हलवण्यासाठी उरलेला जोर कमी पडतो. ही त्रुटी भरून काढण्यासाठी १९५५ सालापासून मार्टिनची दुरुस्ती वापरली जाते: प्रतिसादाला (१ वजा प्रतिसाद भागिले एकूण जोर) या संख्येने भागावे. येथे एकूण जोर, म्हणजे विश्रांत विभव आणि उलट-बिंदू यांतील अंतर, ६५ आहे. २७ भागिले ६५ म्हणजे ०.४१५, १ मधून वजा केल्यावर ०.५८५; २७ भागिले ०.५८५ म्हणजे सुमारे ४६.२ मिलिव्होल्ट. त्याला ०.९ ने भागल्यावर क्वांटल कंटेंट, म्हणजे एका उत्तेजनेला रित्या झालेल्या पुटिकांची सरासरी संख्या, ५१ येते. ३० आणि ५१ यांतील अंतर पाहता दुरुस्ती केली की नाही हे अहवालात न लिहिणे अक्षम्य आहे. ही दुरुस्तीही परिपूर्ण नाही, आणि प्रतिसाद जितका मोठा तितकी तिच्यावर भिस्त वाढते. म्हणून मोठ्या प्रतिसादांसाठी विभव स्थिर ठेवून थेट प्रवाह मोजणारी, दोन इलेक्ट्रोडांची पद्धत अधिक चांगली.

स्वतंत्र पडताळणीसाठी कॅल्शियम इतके कमी करावे की काही उत्तेजनांना काहीच प्रतिसाद येणार नाही. समजा २०० उत्तेजनांपैकी ७४ वाया गेल्या. पुटिका एकमेकींपासून स्वतंत्रपणे आणि क्वचितच सुटत असतील, तर क्वांटल कंटेंट म्हणजे २०० भागिले ७४ याचा नैसर्गिक लॉगरिदम, अर्थात ०.९९. याच गृहीतकावरून एका पुटिकेचे प्रतिसाद सुमारे ७४, दोनांचे ३७ आणि तिघांचे १२ यायला हवेत. प्रतिसादांच्या उंचींचा आलेख काढून ही शिखरे मिनीच्या उंचीच्या पटींत येतात का ते पाहावे. सर्व २०० उत्तेजनांची सरासरी उंची (शून्य धरून) ०.८८ मिलिव्होल्ट आली, तर ०.९ ने भागून ०.९८ मिळते आणि दोन्ही पद्धती जुळतात. त्या जुळल्या नाहीत तर बहुधा तंतू मधूनमधून उत्तेजित होत नसतो किंवा लहान प्रतिसाद गोंगाटात हरवून वाया गेलेल्यांत मोजले जात असतात.

कॅल्शियमचा उतार

सोडणूक कॅल्शियमच्या सुमारे चौथ्या घातात वाढते, हे फ्रेड डॉज आणि रामी रहामिमॉफ यांनी १९६७ साली बेडकावर दाखवले. फळमाशीतही उतार त्याच्या आसपासच सापडतो. कॅल्शियम दुप्पट केले तर कमी पातळीवर सोडणूक सोळापट होऊ शकते, आणि कॅल्शियमच्या तोलण्यातील दहा टक्क्यांची चूक सोडणुकीत चाळीस टक्क्यांहून मोठी दिसू शकते. चार-पाच पातळ्या, सर्वांत कमीपासून सुरू करून घ्याव्यात; प्रत्येक बदलाला बशीतील द्रावण तीनदा पूर्ण बदलून पाच मिनिटे थांबावे. दोन्ही अक्ष लॉगरिदममध्ये मांडून उतार फक्त खालच्या, सरळ भागातून काढावा. वरचा भाग संपृक्ततेमुळे चपटा होतो, आणि तो धरला तर उतार दोनच्या आसपास येऊन सिनॅप्टोटॅग्मिनमध्ये दोष असल्याचा गैरसमज होतो.

निदान

आता चारही वाणांच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. ग्लुआर-दोन-ए नसलेल्या अळीत मिनी लहान असतात, पण प्रेरित प्रतिसाद जवळजवळ सामान्य असतो. म्हणजे स्नायूची संवेदनशीलता घटल्यावर चेतापेशीने जास्त पुटिका सोडून तूट भरून काढलेली असते. १९९७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष या जोडाचा सर्वांत फसवा गुण दाखवतो: प्रतिसाद 'ठीक' असणे हा काहीच बिघडले नसल्याचा पुरावा नव्हे. फिलँथोटॉक्सिन या गांधीलमाशीच्या विषाने रिसेप्टर अडवले तर हीच भरपाई दहा मिनिटांच्या आत होते. उलट व्हीग्लुट जादा असलेल्या अळीत मिनी मोठ्या असतात, पण क्वांटल कंटेंट घटलेला असतो, आणि प्रेरित प्रतिसाद पुन्हा सामान्याजवळच येतो. पुटिकेत माल जास्त भरला गेला आणि पुटिका कमी सोडल्या गेल्या. केवळ प्रतिसाद पाहणाऱ्याला, सामान्य वाण धरून, हे तिन्ही वाण सारखेच दिसतील.

मिनीची उंची बदलली तर दोष साठवणुकीत की रिसेप्टरमध्ये, हे अजून उरते. त्यासाठी पिपेटमधून ठरावीक ग्लुटामेट थेट स्नायूवर सोडून प्रतिसाद पाहावा. तो सामान्य असेल तर रिसेप्टर ठीक असून पुटिकेचा भरणा बदलला आहे.

साठा संपवून पाहणे

शिबिरेची अळी ३० ते ३२ अंशांच्या द्रावणात ठेवून १० हर्ट्झने उत्तेजित करावी. डायनॅमिन निकामी झाल्यामुळे रित्या पुटिका परत येत नाहीत आणि प्रतिसाद सतत उतरत जातो. प्रत्येक प्रतिसादाचा दुरुस्त केलेला क्वांटल कंटेंट मिळवत गेल्यास साठ्याचा एकूण आकडा निघतो. या पद्धतीने २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका जोडातील साठा सुमारे ८४ हजार पुटिकांचा निघाला. तीन नियंत्रणे अत्यावश्यक आहेत: त्याच तापमानात सामान्य अळी, २० अंशांवर शिबिरे, आणि तापवलेली पण उत्तेजना न दिलेली शिबिरे. तिसऱ्या नियंत्रणात प्रतिसाद टिकून राहायला हवा. तो उत्तेजनेविना घसरत असेल तर आपण साठा नव्हे, तर स्नायूची हानी मोजत आहोत. प्रयोगाआधी व नंतर स्नायूचा रोध नोंदवावाच.

रंगाची साक्ष

विजेच्या नोंदींना एक गोष्ट दिसत नाही: रिकामी पुटिका. ती पटलाशी जुळली तरी स्नायूत काहीच उमटत नाही. व्हीग्लुटचे प्रमाण पुष्कळ कमी केलेल्या माश्यांत २००६ साली असेच आढळले. मिनींची उंची सामान्य होती, पण त्यांची वारंवारता घटली होती. त्याचा अर्थ असा लावला गेला की एकच वाहक पुटिका पूर्ण भरायला पुरेसा असतो, आणि ज्या पुटिकेच्या वाट्याला एकही वाहक येत नाही ती रिकामीच फिरते. म्हणजे घटलेली वारंवारतादेखील साठवणुकीचा दोष असू शकते, जरी पाठ्यपुस्तकी नियम तिला सोडणुकीत टाकत असला तरी.

येथे एफएम १-४३ हा रंग कामाला येतो. पटलात शिरल्यावरच तो चमकतो, आणि पुटिका परत आत जाताना तिच्याबरोबर आत जातो. तिच्यात ग्लुटामेट होते की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते. ९० मिलिमोलार पोटॅशियम आणि २ मिलिमोलार कॅल्शियम असलेल्या, सोडियम त्या प्रमाणात कमी केलेल्या द्रावणात ४ मायक्रोमोलार रंग मिसळून अळी एक ते पाच मिनिटे ठेवावी. स्नायू आखडतील, त्यामुळे पिना आधीच पक्क्या कराव्यात. त्यानंतर कॅल्शियमविरहित द्रावणाने दहा मिनिटे, अनेकदा बदलत, धुवावे. धुणे अर्धवट राहिले तर बाहेरच्या पटलावरचा रंगच पुटिकांचा समजला जातो. खोलीतला उजेड मंद ठेवावा आणि सर्व चित्रे एकाच प्रकाश-तीव्रतेवर व एकाच उद्भासनकाळात घ्यावीत.

पहिले चित्र घेतल्यावर रंगाशिवाय तेच जास्त पोटॅशियमचे द्रावण पुन्हा द्यावे आणि तीच जागा परत टिपावी. पुटिकांतील रंग बाहेर पडून चमक उतरायला हवी. जी चमक उतरत नाही ती पार्श्वभूमी समजून पहिल्या आकड्यातून वजा करावी. वजाबाकीनंतरची चमक सामान्य अळीइतकीच असेल आणि मिनींची वारंवारता मात्र निम्मी असेल, तर पुटिका सुटत आहेत आणि परतही येत आहेत, पण त्यांतील बऱ्याचशा रिकाम्या आहेत. चमकही निम्मी असेल, तर सोडणूक किंवा परत घेणे यांत दोष शोधावा. त्यासाठी पहिला तपास असा करावा: रंग भरणे सामान्य तापमानातील शिबिरे आणि तापवलेली शिबिरे या दोन्हींत शेजारी-शेजारी करून पाहावे, तापवलेल्या अळीत रंग जवळजवळ शिरलाच नाही, तरच आपली भरणपद्धत परतीच्या पुटिका खऱ्या अर्थाने मोजत आहे.